उलट्या केळ्यांची भिंत

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा उजवा खांदा बधिर झाला होता. ब्रशांचं खोकं, रंगाच्या डब्यांची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्राचं भेंडोळं, एवढं सामान घेऊन मी कुडाळहून निघाले होते. ठाण्याला गाडी बदलताना झोप मोडली ती पुन्हा लागलीच नाही. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटेची एक चादर. इथे ऊन वर आलं तरी रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसले होते. मी सुती साडीत कुडकुडत उभी.

मी भिंती रंगवते. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून भावाच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड रंगवले, मग अंगणवाड्यांच्या भिंती, मग पर्यटकांसाठीच्या घरांवर मासे आणि नारळ. अक्षरांची मला अजून भीती वाटते. कुठे काही लिहायचं असेल तर आधी कुणाकडून तरी तळहातावर लिहून घेते. अशा बाईला जळगावच्या एका कॅफेवाल्याने मोबाइलवर चित्रं बघून बोलावलं, याचंच मला इतकं अप्रूप होतं की वाटेत चार वेळा त्याचा निरोप पुन्हा वाचला. आपल्या जिल्ह्याबाहेरची ही माझी पहिली भिंत. जमली तर पुढची कामं मिळतील. नाही जमली तर काजूच्या कारखान्यात जायचं, असं भावाला सांगूनच निघाले होते.

रिक्षावाल्याला मोबाइलवरचा पत्ता दाखवला. त्याने तो वाचलाही नाही, नुसतं कॅफेचं नाव विचारलं.

"असं सांगा ना अक्का, उलट्या केळ्यांपाशी!"

काय म्हणतोय ते कळलं नाही. परक्या गावात सारखं काय विचारायचं, म्हणून गप्प बसले.

पोचल्यावर कळलं. पूर्वी ही उसाच्या रसाची रसवंती होती. वडील गेल्यावर मुलाने, भूषणने, घाण्याच्या जागी काउंटर टाकलं, टेबलं मांडली आणि कोल्ड कॉफी, चीज मॅगी, सँडविच सुरू केलं. कॉलेजची मुलं येतात, एक कॉफी घेऊन तीन जणांत पिऊन जातात. रस्त्याकडेची मोठी भिंत मात्र रसवंतीच्या काळातलीच. तिच्यावर केळीची बाग रंगवलेली होती. रंग उडालेला, खालून ओल चढलेली, तरी पानांचा हिरवा अजून जिवंत. समोर एक बाई, डोक्यावर पदर, हात घडाकडे नेलेला. हात इतका सुंदर होता की मी सामान खाली न ठेवताच बघत राहिले.

आणि मग घड दिसला. आपल्या परसात केळी आहेत, म्हणून मला ते चटकन खटकलं. झाडावर केळ्यांची टोकं वर वळलेली असतात आणि केळफूल खाली लोंबतं. या चित्रातली सगळी केळी दोडक्यांसारखी खाली लोंबत होती. केळ्यांच्या मुलखात, भर रस्त्यावर, उलटी केळी.

"सगळं गाव हसतं," भूषण म्हणाला. तिशीतला मुलगा, बोलणं शहरातलं, हसताना ओशाळणारा. "वडिलांच्या वेळेपासून हसतंय. तुम्ही पांढरं मारून टाका, ताई. मला तिथे भरीत पार्टी हवी. शेतात वांगी भाजतायत, लोक बसलेत, असं. खान्देशी वाटलं पाहिजे."

भेंडोळ्यात तेच चित्र होतं. त्याने निरोपात सांगितलं होतं, तसं मी घरी बसून काढलेलं.

आत त्याच्या आईने ताट वाढलं. आजूबाजूचे सगळे त्यांना जिजी म्हणत, म्हणून मीही म्हटलं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). भरितात मिरची अशी की डोळ्यांतून पाणी आलं.

"घे व माय, लाजू नको," जिजी म्हणाल्या. "इतक्या दूरून आली, तुले भूक लागली असीन." आणि माझे डोळे पाहून, "रडू राह्यली का मिरचीनं?"

मी हसले. खरं तर मिरची थोडी आणि बाकी थकवा. अनोळखी घरात कुणी पहिल्या घासाला 'घे' म्हटलं की मला असंच होतं.

चहाच्या वेळी कॅफेत गावातले पेंटर जमतात. भूषणने त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवलाय. तिथल्या भिंतीवर त्यांची लहान लहान चित्रं टांगलेली असतात, कुणी विकत घेतलं तर घेतलं. फ्लेक्स आल्यापासून बोर्डाची कामं गेली. कुणी गाड्यांचे नंबर रंगवतो, कुणी शाळेत चित्रकलेचे तास घेतो. त्यांच्यातला थोरला अशोकभाऊ. बोटांना कायम रंग लागलेला, आवाज मऊ. मी त्याच्याकडे घोडी (पेंटर उभा राहतो ती लाकडी शिडी) भाड्याने मागितली.

त्याने कप खाली ठेवला. "देवराम आबाला विचारलं का?"

"कोण देवराम आबा?"

"भिंत ज्याची आहे तो."

मी भूषणकडे पाहिलं. भूषण नॅपकिन नीट लावू लागला.

अशोकभाऊने समजावून सांगितलं. इथल्या पेंटरांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या चित्रावर कुणी आपणहून पांढरा मारत नाही. चित्र ज्याने काढलं, पांढऱ्याचा पहिला हात त्याचाच. तो गेला असेल तर त्याच्या मुलाचा किंवा शिष्याचा. मग पुढचा काय हवं ते करो.

"आबा आहे अजून," तो म्हणाला. "धुळ्याला मुलीकडे असतो. ताई, तुमच्यावर राग नाही आमचा. पण त्याने हात मारल्याशिवाय या गावात तुम्हाला कोणी घोडी देणार नाही."

"बांबूचं पायाड बांधू की," भूषण म्हणाला.

"बांध ना. बांबूवाला बी आपलाच आहे."

सगळे हसले. मीही हसले. इतका प्रवास करून आले आणि काम सुरू होण्याआधीच अडलं. भूषणला दुसरा कोणी मिळाला असता, फ्लेक्स लावूनही त्याचं भागलं असतं. मलाच मागे जायला जागा नव्हती. त्यातून त्या बाईचा हात डोळ्यांसमोरून जाईना. एवढा सुंदर हात काढणाऱ्याच्या भिंतीवर त्याला न विचारता चुना फासायला आले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी लाज मलाच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची एसटी धरली. चित्राचं भेंडोळं बरोबर घेतलं, आबांना दाखवावं म्हणून.

वाटेत दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या उभ्या, मध्येच मका, मध्येच नुसती काळी जमीन. आपल्यासारखी डोळ्यांना आडवी येणारी झाडी नाही. नजर लांब लांब जाते आणि दमून परत येते. एरंडोल गेलं, मग पारोळ्याला बरीच माणसं चढली. मी डुलकी घेत होते. जाग आली तर शेजारच्या बाईने मेथीच्या जुड्यांचं गाठोडं माझ्या भेंडोळ्यावर ठेवलेलं.

"मावशी, त्यात चित्र आहे हो!"

"हाय माय! माले वाटनं पेपर शे," ती म्हणाली. (मला वाटलं, वर्तमानपत्र आहे.) बिचारीने ते मांडीवर घेऊन धुळ्यापर्यंत हाताने दाबत सरळ केलं. घडी काही गेली नाही. उतरताना मेथीची एक जुडी मला दिली. परक्या गावात मेथीची जुडी घेऊन मी काय करणार? पण नाही म्हणवेना.

धुळं मोठं. हायवेच्या ट्रकांची धूळ, कचेऱ्या, क्लासच्या पाट्या. अशोकभाऊने सांगितलं होतं की आबा घरी सापडणार नाहीत, मुलगी मंगल कॉलेजजवळ कॅफे चालवते तिथे जा. तो कॅफे म्हणजे एका गाळ्यातली चार टेबलं. दाराशी काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेलं 'चीज मॅगी', 'पेरी पेरी फ्राइज', 'हॉट चॉकलेट'. अक्षरं मात्र जुन्या पेढ्यांच्या पाट्यांवर असायची तशी, जाड पोटाची, खाली सावली सोडलेली. मी फळ्यापुढेच थांबले. पत्ता विचारायची गरज उरली नाही.

आत कोपऱ्यात आबा बसले होते. पांढरी टोपी, जाड चष्मा, बोटांवर खडूची पूड. मंगलताईने कॉफी करता करता सांगितलं, "रोज सकाळी फळा तेच लिहितात. दुसऱ्या कुणी लिहिला तर पुसतात."

मी समोर उभी राहिले.

"बस ना माय, उभी का शे?" आबा म्हणाले. "कोनता गावनी तू?"

मी कुडाळ सांगितलं, भूषणचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. पांढऱ्याचं सांगताना आवाज इतका खाली गेला की मंगलताईला मधे पडून त्यांच्या कानाशी पुन्हा सांगावं लागलं.

आबांनी बोटांवरची खडूची पूड झटकली. मग म्हणाले, "ती भिंत अजून उभी शे?"

"आहे, आबा. हात तर फार सुंदर आहे तिचा."

"हात राहू दे. केयं पाह्यलं का?" (केळी पाहिलीस का?)

मी मान खाली घातली. आबा खदखदून हसले, खोकले, पुन्हा हसले.

"बठ्ठा हसतस माले," ते म्हणाले. (सगळे मला हसतात.) "मी शिंदखेडाकडला. आम्हना वावरमा कपाशी, बाजरी. केयं कोठे?" त्यांच्या शेतात केळ कधी नव्हती. घड पाहिला तो बाजारात दोरीने उलटा टांगलेला, तसाच काढला. चित्र पुरं झालं, रसवंतीच्या मालकाने, म्हणजे भूषणच्या वडिलांनी, नारळ फोडला आणि मग गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, 'आबा, हा घड कोणत्या झाडाचा?' त्या दिवसापासून ती जागा उलट्या केळ्यांची झाली.

"मग नीट का नाही केलंत?" मी विचारलं.

मंगलताई म्हणाली, "करायला गेले होते. मालकानेच करू दिलं नाही. म्हणाला, आबा, लोक केळी बघायला थांबतात आणि रस पिऊन जातात. पुढे यांचं त्या गावाला जाणंच बंद झालं. लाजेने."

आबांनी माझं चित्र मागितलं. मी उलगडलं. बरोबर मधून घडी पडलेली. ते कागद डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. मला तर वाटत होतं की परीक्षेत कागद परत मागायला बाई जवळ आल्यात.

"बसेल मानसे चांगला शेतस," ते म्हणाले. (बसलेली माणसं चांगली आहेत.) मग मंगलताईला, "मनी थैली दे. मी येस हिनासंगे." (माझी पिशवी दे. मी हिच्याबरोबर येतो.)

"बाबा, एसटीने? या थंडीत?"

"पांढरा मी मारसू. पन पहिले केयं सरळ करसू, मंग पांढरा."

आधी केळी सरळ करणार, मग पांढरा. मंगलताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. एक दिवसासाठी सरळ करून काय उपयोग, हे दोघींनाही विचारता आलं असतं. मंगलताईने गाळ्याचं शटर ओढलं आणि तीही निघाली. मेथीची जुडी मी तिच्या घरी देऊन टाकली.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी झोपले. मला झोप येईना. यांना वाटेत काही झालं तर? भूषण चिडला तर? नुसता पांढरा हवा असलेल्या माणसाकडे मी हे काय घेऊन चाललेय?

पण भूषणने ऐकून घेतलं आणि मोटरसायकलला किक मारली. दुसऱ्या सकाळी तो मामाच्या बागेतून एक पुरा घड घेऊन आला, तळाचं केळफूल न तोडलेला. भिंतीशेजारी खांबाला बांधला, झाडावर असतो तसा, फूल खाली. आबांना नजरेने नीट दिसत नव्हतं. त्यांनी घडावरून हात फिरवला. एकेक फणी चाचपली, केळ्याचं टोक कुठे वळतं ते बोटाने पाहिलं. मग डोळे मिटून हवेत तसंच बोट वळवलं.

रंग मी कालवून दिले. आबा रेघ ओढताना उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरत. जुनी केळी पानांच्या रंगात मिटवली आणि वरून नवी, टोकं आभाळाकडे. अशोकभाऊ आणि बाकीचे पेंटर आले ते मागे उभेच राहिले. कुणी मदतीला पुढे झालं नाही. होऊ नये, हे सगळ्यांनाच कळत होतं. भाजीवाले, कॉलेजची मुलं, रिक्षावाले थांबू लागले.

"आबा, आता सरळ केली तर पत्ता कसा सांगायचा आम्ही?" एक रिक्षावाला ओरडला.

आबा न वळता म्हणाले, "सांग, जठे म्हातारा येडा व्हयना, तठे!" (जिथे म्हातारा वेडा झाला, तिथे.)

ऊन उतरलं तेव्हा काम झालं. जिजींनी खुर्ची रस्त्याच्या पलीकडे नेऊन मांडली. आबा तिथे बसून बघत राहिले. त्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे. जिजी म्हणाल्या, "आता कशी जिती दिसू राह्यली!" चहा आला तो आबांनी हातात धरून निववला आणि तसाच परत दिला.

मला त्या वेळी मनापासून वाटलं की भूषणने म्हणावं, राहू द्या, आता चित्र ठेवू या. मग माझं काम जाईल ते जाईल. भूषणही तेच म्हणायला गेला. "आबा, वाटलं तर असंच..."

"नही," आबा म्हणाले. "भिंत ओली शे. हाई पावसायाले पडनारच. पोरगीले काम करू दे." (भिंतीत ओल आहे. हे पावसाळ्यात गळून पडणारच. पोरीला काम करू दे.)

सकाळी त्यांनी चुन्याची बादली मागितली. मला वाटलं होतं केळ्यांपासून सुरुवात करतील. ते खालच्या कोपऱ्यात वाकले, तिथे बारीक अक्षरात त्यांचं नाव होतं. त्यावर ब्रश फिरवला.

"पहिले नाव झाकानं," मला म्हणाले. "मंग हात अडखत नही." (आधी नाव झाकायचं. मग हात अडखळत नाही.)

आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी चुना मारला. बाईच्या हातापाशी आले तेव्हा थांबले. मागे वळले, तर आबा आणि मंगलताई एसटी स्टँडच्या रिक्षात बसत होते.

घोडी अशोकभाऊने स्वतः आणून दिली. पुढचे दिवस नुसते कामाचे. पोपडे खरवडून गिलावा केला, तो वाळायची वाट पाहिली, मग रंग. शेकोटी, धूर, बडगी (भरीत ठेचायचं लाकडी भांडं) घेऊन बसलेल्या जिजी, मागे उघडं रान आणि पुढ्यात वांग्यांचा ढीग. खांदा दुखून रात्री कुशीवर वळता येत नसे. जिजी तेल गरम करून देत. रोज काहीतरी बिनसेल असं वाटे आणि रोज ताटात काहीतरी नवीन पडे. शेवभाजी, दाळ-बट्टी, पुन्हा भरीत. उद्घाटनाला नारळ फुटला तेव्हा मी मागच्या बाजूला उभी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना जिजींनी बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा दिला आणि मी त्यांच्या पाया पडताना रडले, या वेळी मिरची नसताना.

घरी पोचून दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी भूषणचा फोन.

"ताई, चित्र झकास आहे. लोक फोटो काढतात. फक्त एक सांगू का?"

"सांग."

"वांगी."

"काय झालं वांग्यांना?"

"तुम्ही जांभळी केलीत. आमच्या भरिताची वांगी हिरवी असतात. फिकट हिरवी, मोठी. जांभळ्याचं भरीत इथे कोण करतं?"

मी खाली बसले. इतक्या वेळा खाल्लं. ठेचलेलं, मिरचीतलं, कांद्याच्या पातीतलं. कच्चं वांगं एकदाही बघितलं नाही. चित्र तर घरूनच काढून नेलं होतं, आपल्या बाजारात दिसतं तसं.

"अरे, मग रंगवताना कुणी बोललं का नाही?"

"अशोकभाऊने पहिल्याच दिवशी पाहिलं. म्हणाला, पेंटरला मधे टोकायचं नसतं. आणि आई म्हणाली, पोरगी दमलीय, करू दे." तो हसू दाबत होता. "आता रिक्षावाले जांभळ्या वांग्यांपाशी म्हणायला लागलेत."

मी पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्याने पुन्हा पुन्हा राहू द्या म्हटलं. शेवटी सांगितलं की आबांना फोन केला होता. ते इतके हसले की मंगलताईला पाठ चोळावी लागली. मग निरोप दिला, 'तिले सांग, मी करा तेवढा उशीर तू नको करू.' मी केला तेवढा उशीर तू करू नकोस.

शाळेत माझी चूक झाली की फळा पुसून मागच्या रांगेत बसायला लागायचं. अशाच एका मागच्या रांगेतून मी घरी आले आणि परत गेले नाही. जळगावात माझी चूक भर रस्त्यावर आहे, तिच्यावरून लोक हसत हसत एकमेकांना वाट सांगतात आणि तरी तिथल्या ताटावर मला जागा आहे. हे कसं घ्यायचं मला अजून समजत नाही. खांदाही अजून दुखतो.

भावाला सांगून टाकलं की काजूच्या कारखान्यात जात नाही. भरिताची वांगी थंडीत येतात. पुढच्या थंडीत भिंतीवरची हिरवी करायला जाईन आणि स्टेशनवरून आधी बाजारात जाईन.